गळाने मासे कसे धरावेत

मुंबईला समुद्रात धक्के असतात. त्यावर उभे राहून माणसे गळ टाकतात. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात समुद्र नाही, पण गोदावरी आहे आणि घाटाच्या पायऱ्या आहेत. आमचे गाव पैठणच्या खालच्या अंगाला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोबांनी मला घाटावर गळ टाकायला शिकवले.

साहित्य थोडेच लागते. एक वाळलेला बांबू, तेवढाच लांब तंगूस, एक लहान गळ, हरभऱ्याएवढे शिसे आणि ज्वारीच्या धांड्याचा बोटभर तुकडा. गळाच्या नेढ्यातून तंगूस ओवायचा, त्याचे टोक त्याच तंगूसाला पाच वेळा गुंडाळायचे, मग नेढ्याजवळच्या फटीतून काढायचे आणि थुंकी लावून हळूच ओढायचे. कोरडी गाठ ओढली तर तंगूस घासून तापतो व तिथेच तुटतो. गळाच्या वर एक वीत सोडून शिसे दाबून बसवायचे. त्याच्या वर धांडा बांधायचा, पण असा की तो सरकवता येईल. धांडा भिजून जड झाला की बदलायचा. ज्वारीला आपल्याकडे तोटा नाही!

आमिष म्हणून गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात.

एवढे करूनही मला तीन दिवस काही मिळाले नाही. मी रुसून बसले. तेव्हा आजोबा म्हणाले, "अगं, तुझा गळ वरी लटकायलाय अन् मासा खाली खायलाय!" मग त्यांनी माशांची तोंडे समजावून सांगितली. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो वरच्या पाण्यात खातो. रोहू मधल्या पाण्यात खातो. मृगळाचे तोंड खाली असते, तो तळाला चरतो. म्हणून आधी खोली बघायची. धांडा पाण्यावर आडवा पडला तर शिसे तळाला टेकले असे समजावे. मग धांडा गळाकडे थोडा थोडा सरकवायचा. तो उभा राहिला की शिसे तळापासून सुटले, पण आमिष अजून तळालाच आहे. ही मृगळाची जागा. रोहूसाठी आणखी सरकवायचा.

चौथ्या दिवशी धांडा दोनदा हलला आणि बुडकन खाली गेला. वीतभर मृगळ! मी घाईने गळ काढू लागले. माशाने शेपटी मारली, गळ त्याच्या तोंडातून सुटला आणि माझ्या बोटात घुसला. मासा पायऱ्यांवरून उडत नदीत गेला.

गळाच्या टोकाजवळ एक उलटा काटा असतो. त्यामुळे आत गेलेला गळ मागे ओढून निघत नाही. माशाचे तेच होते, माझेही झाले. मी खूप रडले. आजोबांनी गळ ओढला नाही, तंगूस कापला आणि मला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी बोट बधिर केले, गळ पुढे ढकलून काटा बाहेर काढला, तो कापला, मग गळ मागून निघाला. धनुर्वाताचे इंजेक्शनही दिले. घरी येईपर्यंत आजोबा काही बोलले नाहीत.

आता मी मासा ओल्या फडक्यात धरते आणि चालताना गळ धांड्यात रुतवून ठेवते. पावसाळ्यात मात्र आमची काठी माळ्यावर असते. जायकवाडी धरणाला २७ दरवाजे आहेत, ते उघडले की घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात.