जोशुआचे झाड आणि पतंग

अमेरिकेच्या पश्चिम भागात मोजावे नावाचे वाळवंट आहे. तेथे टोकदार पानांचे जोशुआ झाड वाढते. एक काळसर, लहानसा पतंग त्याचा सोबती आहे.

मुलांनो, फुलपाखरे मध पिताना पराग नकळत इकडून तिकडे नेतात. या पतंगाची मादी मात्र हे काम मुद्दाम करते. तोंडाजवळच्या दोन लांब अवयवांनी ती पराग गोळा करते, दुसऱ्या फुलात अंडी घालते आणि तेथे पराग भरते. मग फळ धरते. अळ्या थोड्या बिया खातात. उरलेल्या बियांतून नवी झाडे उगवतात.

ऑगस्ट २०२० मध्ये तेथे वणवा लागला. सुमारे १३ लाख जोशुआ झाडे होरपळली. माणसे नवी रोपे लावतील. पण त्यांना बी धरायला हा इवलासा पतंगच हवा!