माहुलच्या खाडींतील विसांवा

लांबच्या वाटेस निघालेला गाडीवान दुपारीं एखाद्या आंब्याखालीं गाडी सोडतो, बैलांपुढें कडबा टाकतो, आणि लेंकरांचीं जेवणें होईपर्यंत पुन्हां जूं उचलीत नाहीं. हा वेळ फुकट गेला असें कोणी शहाणा म्हणत नाहीं. आतां बैलगाड्या थोड्या राहिल्या. आमचीं कुटुंबें एस.टी.नें व मोटारींनीं दूरदूर जाऊं लागलीं. आणि कोठेंही न थांबतां रात्रभर चालून पोहोंचण्यांत कित्येक भूषण मानूं लागले आहेत. ही समजूत कितपत खरी, हें पाहण्यासाठीं वाचकांस आम्ही आज मुंबईतील माहुल गांवीं नेतों. तेथें लांबच्या प्रवासाचे अनुभवी वाटसरू भेटतात, मात्र ते मनुष्यें नव्हेत.

माहुल हें चेंबूरच्या दक्षिणेस, खाडीच्या कडेचें कोळी व आगरी लोकांचें जुनें गांव. जवळच 1954 व 1955 सालीं सुरू झालेले तेलशुद्धीचे कारखाने आहेत. कडेला तिवरांचें रान. त्यापुढें ओहोटीच्या वेळीं उघडा पडणारा विस्तीर्ण चिखल, आणि पाण्यापलीकडे शिवडी. नवख्यास हा चिखल ओंगळ वाटेल. परंतु त्यांत किडे, बारीक शिंपले, खेंकडे व डोळ्यांस न दिसणारें शेवाळ भरलेलें असतें. दिवसांतून दोनदां ओहोटी लागते आणि दोनदां ही पंगत मांडली जाते.

या पंगतीस बसणाऱ्यांत छोटा टिलवा हा पक्षी पाहा. त्याचें वजन सुमारें 25 ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें दोन तोळ्यांच्या आसपास. हा जन्मतो उत्तर ध्रुवाकडील थंड प्रदेशांत, आणि हिंवाळ्यासाठीं आमच्या किनाऱ्यापर्यंत येतो. कांहीं पक्षी येथेंच थंडी काढितात, कांहीं पोट भरून आणखी पुढें जातात. वाटेंत जें खातात त्याची अंगांत चरबी होते, व तीच पुढच्या उड्डाणाची शिदोरी. थांबणें हा त्यांच्या प्रवासाचाच एक भाग आहे. तेवढा भाग काढून टाकला तर पुढचा प्रवास होतच नाहीं.

येथें कोणी उतावीळ मनुष्य म्हणेल, “पाणटिवळ्यांच्या जातीचा एक पक्षी 2022 सालीं अलास्काहून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर, अकरा दिवस, कोठेंही न उतरतां गेला ना?” गेला खरा. त्याच्या अंगावरील यंत्रानें तशी नोंद केली, आणि तो तर पांच महिन्यांचें पिलूंच होता. पण हे पक्षी निघण्यापूर्वीं कित्येक आठवडे चिखलांत केवळ खात असतात, आणि उडतेवेळीं त्यांचें वजन जवळजवळ दुप्पट झालेलें असतें. त्यानें विसांवा टाळला नाहीं. तो आधींच घेतला.

कुटुंबासह प्रवास करणारे पाहावयाचे असल्यास उजनीच्या जलाशयाकडे वळावें लागेल. पट्टकदंब नांवाचे हंस हिमालय ओलांडून तेथें येतात, तेव्हां त्या वर्षाचीं पिलें आईबापांबरोबरच असतात. वाट कोणती आणि मुक्काम कोठें करावा, हें पिलूं वडिलांबरोबर उडून शिकतें. माहुलास येणाऱ्या रोहितांच्या थव्यांतही गुलाबी मोठ्यांमध्यें करड्या रंगाचीं लहानें दिसतात. मात्र त्या गर्दींत कोण कोणाचें हें आम्हांस सांगतां येत नाहीं. रोहितांचें मोठें जन्मस्थान कच्छचें रण होय; डॉ. सालीम अली यांनीं 1945 सालीं तेथील वसाहत पाहिली होती. शिवडी-माहुलच्या चिखलावर सुमारें 1994 पासून ते मोठ्या संख्येनें येऊं लागले.

मुक्कामाची जागाच गेली तर काय होतें? 2024 च्या उन्हाळ्यांत नेरूळ येथील एका तलावांत भरतीचें पाणी येण्याची वाट बुजली, तलाव सुकला, आणि कांहीं रोहित मेले. त्याच वर्षीं 20 मे रोजीं रात्रीं घाटकोपरावर एका विमानाशीं थव्याची टक्कर होऊन तिसांहून अधिक पक्षी मेले. त्याच्या कारणाविषयीं मतभेद आहेत. ठाण्याच्या खाडीचा एक भाग 2015 पासून रोहितांसाठीं राखीव आहे. माहुलचा चिखल त्या सीमेबाहेर राहिला आहे.

येथें याकोबाची गोष्ट आठवते. एसाव त्यास आपल्याबरोबर चल म्हणत होता. याकोबानें नम्रपणें नाकारिलें: मुलें कोंवळीं आहेत, कळपांत पिलांच्या आया आहेत, एक दिवस जरी दामटलें तरी जनावरें मरतील, आपण लेंकरांच्या पावलानें येऊं. पुढें सुक्कोथास त्यानें गुरांसाठीं खोपटीं बांधिलीं. घरांतील कर्त्या पुरुषानें मोटारींत बसण्यापूर्वीं हा अध्याय एकदां वाचावा, असें आम्हांस वाटतें. तान्हें मूल मोटारींत रडूं लागलें म्हणजे घाई सर्वांची होते. त्रास मात्र त्याच्या आईस होतो.

मुंबईस जातां-येतां माहुलास उतरावयाचें असेल तर नोव्हेंबर ते मे या महिन्यांत जावें, आणि भरती-ओहोटीची वेळ आधीं कोळ्यांस विचारून घ्यावी. ओहोटी फार दूर गेली म्हणजे पक्षीही दूर जातात. पाणी चढूं लागलें म्हणजे ते चरत चरत कांठाकडे सरकतात; ती वेळ उत्तम. चिखलांत उतरूं नये, आणि मुलांस दगड मारूं देऊं नयेत. एकदां थवा उडाला कीं मोठ्या कष्टानें सांठविलेली चरबी तेवढी खर्च होते. पाणी पूर्ण भरलें म्हणजे पाहावयास कांहीं उरत नाहीं. तेव्हां सांवली पाहून गांठोडें सोडावें, आणि आधीं लहानांस जेवूं घालावें.