नोंद त्याच दिवशीची

वृद्धाश्रमाला केंद्राचं अनुदान मिळणार असं कळलं की संस्थेत पेढे वाटले जातात, आणि वाटावेतही. पण त्याच आठवड्यात कार्यकारी मंडळाने एकत्र बसून, ज्या बाँडवर आपण सह्या करतो तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावा, असं मी भेटेल त्या संस्थाचालकाला सांगते. हा बाँड राष्ट्रपतींच्या नावे करून द्यायचा असतो. पैसे दुसरीकडे वळवणार नाही, काम दुसऱ्या संस्थेकडे सोपवणार नाही, सगळ्या अटी पाळू, हे त्यात लिहून द्यावं लागतं. अट मोडली तर अनुदान, सगळं किंवा काही भाग, दरसाल १० टक्के व्याजासह परत करायची जबाबदारी सही करणाऱ्या प्रत्येकावर येते. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतच ही तरतूद आहे. वसुली निघाली तर ती अध्यक्षांकडूनच होईल असं नाही. चांगल्या मनाने मंडळावर आलेल्या आणि एकदाच सही करून गेलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांकडूनही होऊ शकते. त्यांना हे सही करण्याआधी कळायला हवं.

माझी नोकरी बँकेत झाली. निवृत्तीनंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या आमच्या तालुक्याच्या गावी परतले, तेव्हा तिथल्या वृद्धाश्रमाचं अनुदान अडलेलं होतं. दप्तर बघणारं माणूस हवं म्हणून मला बोलावणं आलं. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं आजही तेच काम करताहेत आणि मनापासून करताहेत.

हे अनुदान ज्या योजनेतून मिळतं ती जुनी आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने ती १९९२ मध्ये सुरू केली, २०१८ मध्ये तिचं नाव बदललं, आणि २०२१ पासून ती अटल वयो अभ्युदय योजनेचा भाग आहे. फिरता दवाखाना, फिजिओथेरपी केंद्र, अल्झायमर झालेल्यांसाठी कायम देखभालीचं घर, असं बरंच काही तिच्यात बसतं. पण आपल्याकडे सर्वांत ओळखीचा प्रकार म्हणजे २५ निराधार ज्येष्ठांचा वृद्धाश्रम. आमचाही तसाच.

अनुदान अडलं ते एका हजेरीपटामुळे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी तो उघडला तर अख्ख्या तिमाहीच्या खुणा एकाच पेनाने, एकाच हाताने, सारख्याच जोरात केलेल्या. तपासणीची तारीख कळल्यावर कुणीतरी रात्री बसून भरलेला. त्यांनी दुसरी फाइल मागितली, ज्येष्ठांच्या कागदपत्रांची. तीत एका आजोबांचा मृत्यूचा दाखला निघाला. ते सरकारी दवाखान्यात दाखल होते, तिथेच गेले. हजेरीपटात मात्र दाखल असतानाच्या दिवसांतही हजर होते आणि दाखल्यावरच्या तारखेनंतरही काही दिवस हजर होते.

आता खरी गोष्ट ऐका. त्या आजोबांच्या खाटेशी आश्रमाचे अधीक्षक रात्री बसून होते. घरचं कुणी आलं नाही, तेव्हा अंत्यसंस्कारही त्यांनीच केले. सेवेत काडीचीही कसर नव्हती. पण कागद सांगत होता की ही संस्था मेलेल्या माणसाच्या नावावर जेवणाचा खर्च लावते. तपासणी अहवालात लाभार्थींच्या संख्येबद्दल शंका नोंदवली गेली आणि पुढचा हप्ता थांबला. स्वयंपाकाच्या मावशींचे, आयांचे पगार राहिले. वाण्याची उधारी वाढत गेली. ज्या अधीक्षकांनी आजोबांना खांदा दिला, त्यांनाच खुलासा लिहायला बसावं लागलं.

मंडळातल्या पुष्कळांना अधिकाऱ्यांचा राग आला होता. मला नाही आला. ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्या राज्यात शाळांची पटपडताळणी झाली, तेव्हा पटावरची मुलं आणि वर्गातली मुलं यांतला फरक सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. त्यानंतर कुणी हजेरीपटावर डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी अपेक्षा आपण करू नये. खोट्या संस्थेचा हजेरीपट आणि प्रामाणिक संस्थेचा मागाहून भरलेला हजेरीपट दिसायला सारखेच असतात. तपासणाऱ्याला फरक कळेल असं काहीतरी आपणच ठेवायला हवं, आणि ते म्हणजे त्या त्या दिवशी, त्या त्या माणसाने केलेली नोंद.

आमच्याकडे आता हजेरी रात्रीच्या पंगतीला होते. वाढणारी आयाच ती भरते आणि अधीक्षक त्याच रात्री सही करतात. दवाखान्यात, नातेवाइकांकडे, वारीला, अशा प्रत्येक कारणाला वेगळी खूण आहे, आणि बाहेर जाण्या-येण्याची नोंदवही दाराशीच असते. चूक झाली तर एक रेघ मारायची, वर बरोबर नोंद करायची, शेजारी सही करायची. खाडाखोड झाकणारा पांढरा रंग कार्यालयात ठेवूच नका. आधीची नोंद वाचता आली तर चूक ही चूकच राहते. झाकली की तिच्याबद्दल प्रश्न सुरू होतात. एक आजी किंवा आजोबा गेले तर त्याच दिवशी नाव कमी करायचं आणि जागा रिकामी असेल तोवर ती रिकामी दाखवायची. २३ माणसं असतील तर २३ च लिहा. २५ चा आकडा भरून काढायचा मोह फार मोठा असतो, कारण खर्च काही दोन माणसांनी कमी होत नाही. पण तो मोह आवरायलाच हवा.

स्वयंपाकघराकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, आणि आक्षेप तिथूनच निघतात. शिधा नोंदवहीत सुरुवातीचा साठा, आलेला माल, रोज काढलेला माल आणि शिल्लक एवढं असतं. तूरडाळ किती निघाली आणि त्या दिवशी जेवणारी माणसं किती, हे दोन आकडे एकमेकांना ओळखतात का, हे तपासणारा माणूस बघतो. आता आपल्याकडची रीत आठवा. कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, कुणाच्या लेकीचा वाढदिवस, लोक वृद्धाश्रमात जेवण देतात. पुरणपोळीपासून मसालेभातापर्यंत सगळं बाहेरून येतं. त्या दिवशी आश्रमाचा शिधा निघालेलाच नसतो. तरीही नोंदवहीत नेहमीप्रमाणे डाळ, तांदूळ, पीठ खर्ची पडलेलं दिसतं, कारण लिहिणाऱ्याचा हात सवयीने चालतो. भिंतीवरच्या फलकावर त्याच तारखेला दात्याचं नाव खडूने लिहिलेलं असतं. एवढी साधी विसंगती पकडायला फार हुशारी लागत नाही.

म्हणून बाहेरून जेवण आलं की शिधा नोंदवहीत त्या तारखेसमोर तसं लिहा आणि माल काढला नाही असं दाखवा. कुणी तांदळाचं पोतं दिलं, सतरंज्या दिल्या, लुगडी दिली, तर त्याची वेगळी वस्तुरूप देणगी नोंदवही ठेवा आणि दात्याला पावती द्या. सरकारच्या पैशातून आलेला माल आणि गावाने दिलेला माल कागदावर मिसळू देऊ नका. गावाचा हात मोठा आहे हे त्यातून दिसतं, आणि ते संस्थेच्या बाजूनेच बोलतं.

औषधांची बिलं मोघम नकोत. कुणाची रक्तदाबाची गोळी, कुणाचं इन्सुलिन, डॉक्टरांची चिठ्ठी कुठे आहे, हे जुळलं पाहिजे.

पैशांचं सांगते. अनुदानासाठी वेगळं बचत खातं ठेवा आणि खर्च त्यातूनच थेट बँकेमार्फत करा. त्या खात्यावर जमलेलं व्याज संस्थेचं नसतं. ते भारताच्या संचित निधीत परत भरायचं असतं. माझ्या बँकेतल्या वर्षांत अनेक संस्थांच्या ताळेबंदात हे व्याज निवांतपणे 'इतर उत्पन्न' म्हणून बसलेलं पाहिलं आहे. उपयोगिता प्रमाणपत्राच्या १२-अ नमुन्यात आधीची शिल्लक, तिच्यावरचं व्याज, सरकारला परत केलेलं व्याज, वर्षात मिळालेलं अनुदान, खर्च आणि उरलेली रक्कम असे स्वतंत्र रकाने आहेत. पगार, सर्वसाधारण खर्च आणि भांडवली मालमत्ता यांचे आकडेही वेगळे द्यायचे असतात. पगारासाठी आलेल्या पैशातून किराणा भरला, तर पोट भरण्यासाठीच भरला हे खरं असलं तरी तो आक्षेपच ठरतो.

हे प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत द्यायचं असतं. पण मुदतीच्या शेवटापर्यंत थांबण्यात शहाणपण नाही, आधीचा हिशेब बंद झाल्याशिवाय पुढचं अनुदान पुढे सरकत नाही. आणि हे प्रमाणपत्र नुसतं आकड्यांचं नाही. ज्या अटींवर पैसे दिले त्या पाळल्या, असं त्यात संस्था स्वतः लिहून देते. सनदी लेखापालांची सही असली म्हणून आपली जबाबदारी त्यांच्या खांद्यावर जात नाही. मंजुरी देणारं खातं हे हिशेब पाहू शकतं आणि भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षकही पाहू शकतात.

एक गोष्ट कडक शब्दांत लिहिते. पूर्ण पगाराच्या रकमेवर सही घ्यायची आणि त्यातला काही भाग 'देणगी' म्हणून परत घ्यायचा, हे काही संस्थांत चालतं. रात्री उठून म्हाताऱ्या माणसाचे कपडे बदलणाऱ्या बाईच्या पगारातून संस्था चालवायची नसते. तो गुन्हा आहेच, शिवाय ती बाई ज्या दिवशी खरं बोलेल त्या दिवशी संस्था संपते, आणि तिने खरं बोलावंच.

अनुदानातून घेतलेल्या खाटा, चाकाच्या खुर्च्या, इन्व्हर्टर यांची स्वतंत्र नोंदवही ठेवा. जुनं झालं म्हणून सरकारच्या परवानगीशिवाय ते विकता येत नाही. विश्वस्त बदलले तर धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्या. वारलेल्या विश्वस्ताचं नाव परिशिष्टावर आणि नव्याचं नाव नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर, अशी तफावत राहिली तर प्रस्ताव कुठेतरी अडकतोच.

आता त्या माणसाबद्दल, जो प्रत्येक जिल्ह्यात भेटतो. "दिल्लीत ओळख आहे, फाइल मी हलवतो" म्हणणारा सल्लागार. आमच्या संस्थेचा अर्ज त्यानेच ऑनलाइन भरला होता. पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल क्रमांक त्याचा, ईमेल त्याचा, पासवर्डही त्याच्याकडे. मंत्रालयाने विचारलेल्या त्रुटी त्याच्या फोनवर येत राहिल्या आणि हिशेबावरून बिनसल्यावर त्याने फोन उचलणं सोडलं. संस्थेला प्रश्न विचारले गेले आहेत हेच संस्थेला माहीत नव्हतं. नोंदणीचा मोबाइल क्रमांक संस्थेच्या नावावरचाच असावा, पासवर्ड निदान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा, आणि टक्केवारीवर काम करणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. अर्ज भरता येत नसेल तर गावातल्या बीकॉमच्या पोरीला बसवा, ती शिकेल. आमच्याकडे तशीच शिकली.

तपासणीच्या दिवशी आश्रम सजवू नका. नेहमीचं जेवण करा. आजी-आजोबांना काय बोलायचं ते पढवू नका. त्यांना तक्रार असेल तर ती अधिकाऱ्यांसमोर होऊ द्या. आणि त्यांची लाज राखा. छातीशी नावाची पाटी धरून फोटो काढायला आमच्या एका आजींनी साफ नकार दिला होता. "मी काय चोर आहे का?" म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. अधिकाऱ्यांना समजावून सांगितलं आणि आजींचा फोटो तुळशीजवळ, साधा, बसलेला काढला. तो चालला. ज्येष्ठांच्या आधारच्या प्रती, आजारांचे कागद कुलपात असावेत. संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर ते कधीही फिरू नयेत.

आमचा अडलेला हप्ता पुढे मिळाला, त्या आजोबांच्या नावावर चुकीने लागलेला खर्च वगळून. तोवर आश्रम चालला तो गावातल्या दुकानदारांच्या भरवशावर. त्यामुळे अनुदान वेळेवर येईल हे गृहीत धरून एकाही ज्येष्ठाला दाखल करू नका. ते उशिराच येतं असं समजून अर्ध्या वर्षाचा शिधा आणि पगार निघेल एवढी गंगाजळी लोकवर्गणीतून आधी उभी करा. आणि हप्ता थांबलाच तर पहिल्याच आठवड्यात जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयाला लेखी कळवा. आश्रमात आज किती माणसं आहेत, त्यांत अंथरुणाला खिळलेली किती, शिधा किती दिवस पुरेल, कोणत्या त्रुटीची पूर्तता केली आणि कोणती बाकी आहे, एवढं एका पानात लिहा. पत्र आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेच्या शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.