न कापता आत पाहणे

नाशिक जिल्हा कांद्याचा. लासलगावच्या बाजारातले कांद्याचे ढीग तुम्ही पाहिले असतील. एखादा कांदा वरून कसा लाल, घट्ट दिसतो. पण कापला की मधलाच पापुद्रा कुजलेला निघतो. कापल्यावाचून ते कळत नाही.

कांद्याचे ठीक आहे. पण माणसाच्या डोक्यात काय बिघडले, ते कापून कसे पाहायचे?

1895 साली जर्मनीत राँटजेन या शास्त्रज्ञाला क्ष-किरण सापडले. हात मोडला की आपण फोटो काढतो, तो याच किरणांनी. पण त्या फोटोत एक उणीव असते. ती समजण्यासाठी रात्री कंदिलापुढे तांब्या ठेवा. तांब्याच्या मागे वाटी ठेवा. भिंतीवर दोघांची मिळून एकच सावली पडते. पुढे काय, मागे काय, कळत नाही. आता कंदील थोडा बाजूला न्या. सावल्या वेगळ्या होतात. चारी बाजूंनी पाहिले, की कोणती वस्तू कुठे आहे ते नेमके सांगता येते.

हीच युक्ती इंग्लंडमधल्या हाउन्सफील्ड या इंजिनिअरने यंत्रात आणली. क्ष-किरणांची नळी रोग्याभोवती फिरते. प्रत्येक बाजूने किती किरण पार गेले, ते यंत्र मोजते. मग संगणक हिशेब करतो आणि शरीराची एकेक चकती चित्रात दाखवतो. जणू न कापता कापलेला कांदाच! 1971 साली लंडनमध्ये पहिल्या रोग्याच्या डोक्याचे असे चित्र निघाले. यामागचे गणित कॉर्मॅक यांनी आधीच मांडले होते. 1979 साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. या तपासणीला आपण सीटी स्कॅन म्हणतो.

याचा आपल्याला उपयोग काय? ऐका. एखाद्याचे तोंड अचानक वाकडे होते. एक हात उचलत नाही. बोलणे अडखळते. आपण म्हणतो, "अंगावरून वारं गेलं." मग कोणी तेल चोळतो, कोणी सकाळपर्यंत वाट पाहतो. इथेच घात होतो. अशा वेळी मेंदूतली रक्तवाहिनी एक तर गुठळीने बंद झालेली असते, नाही तर फुटलेली असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. गुठळी विरघळवणारे औषध आहे. पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आणि रक्तवाहिनी फुटलेली असेल, तर तेच औषध जीव घेईल. रक्त सांडले आहे की नाही, हे सीटी स्कॅन काही मिनिटांत दाखवते.

सुरगाणा, पेठ या भागांतून नाशिक लांब पडते. म्हणून वेळ दवडू नका. त्रास कधी सुरू झाला ते घड्याळात पाहा. 108 नंबरला फोन करा. जिथे हे यंत्र आहे, त्याच दवाखान्यात न्यायला सांगा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हे किरण विनाकारण अंगावर घेऊ नयेत. बाई गरोदर असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

हीच युक्ती जमिनीलाही लागू पडते. आपल्याकडे खाली काळा पाषाण. त्यात पाणी असते ते भेगांत आणि कुजलेल्या मुरमात. जमिनीत ओळीने लोखंडी खुंट्या ठोकून वीज सोडतात. ओल्या थरातून वीज सहज जाते, कोरड्या दगडातून कष्टाने जाते. ती मोजून जमिनीचा उभा काप चित्रात काढता येतो. पाणी लागेलच अशी खात्री कोणी देऊ नये. पण कर्ज काढून बोअर घेण्याआधी नुसत्या नारळावर विसंबण्यापेक्षा हे बरे.

11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. भूकंपाच्या लाटा कठीण खडकातून वेगाने जातात, फुटक्या खडकातून हळू. अनेक ठिकाणी त्या लाटांच्या वेळा मोजून शास्त्रज्ञांनी कोयनेखालच्या खडकाचीही अशी चित्रे काढली आहेत. आपल्या नाशिकच्या 'मेरी' संस्थेतही भूकंपाच्या नोंदींचा अभ्यास होतो.

रोगी, विहीर, धरण. युक्ती एकच. एका बाजूने पाहून मत करू नये. चारी बाजूंनी पाहावे, मोजावे, मग बोलावे.

आठवून सांगा

1. एका सावलीवरून वस्तू कुठे आहे ते का कळत नाही?
2. अंगावरून वारे गेले तर आधी काय कराल?
3. ओल्या थरातून वीज कशी जाते?