जर्मन भाषा : शिकणे आणि संशोधन करणे

मी जर्मन शिकू लागल्यापासून दोन प्रश्न मला वारंवार ऐकावे लागतात. घरी विचारतात, "याने पोट भरंल का?" आणि मैत्रिणी विचारतात, "परक्यांच्या भाषेत तू नवीन ते काय शोधणार?" आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा दोन्ही प्रश्नांचा विचार मला करावाच लागतो. प्रथम दुसऱ्या प्रश्नाकडे वळू.

भाषा शिकणे आणि त्या भाषेत संशोधन करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जर्मन भाषा व साहित्य यांच्या शास्त्रीय अभ्यासाला तिकडे 'गेर्मानिस्टिक' म्हणतात. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत याकोब आणि विल्हेल्म या ग्रिम बंधूंची गणना होते. त्यांचा लोककथासंग्रह १८१२ व १८१५ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. पुढे विल्हेल्मने प्रत्येक आवृत्तीत त्यावरून हात फिरवला. १८५७ ची सातवी आवृत्ती पहिलीशेजारी ठेवली, तर हा फरक डोळ्यांत भरतो. १८१२ मध्ये हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९ च्या आवृत्तीत तिची सावत्र आई होते. हा बदल का झाला? वाचक कोण होते? मातृत्वाची कोणती कल्पना त्यांना जपायची होती? असे प्रश्न विचारणे आणि पुराव्यानिशी त्यांची उत्तरे शोधणे, हेच संशोधन.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. कासेलजवळच्या डोरोथेआ फीमान या बाईने ग्रिम बंधूंना पुष्कळ कथा सांगितल्या. प्रस्तावनेत त्यांनी तिला शेतकरीण म्हटले. पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले की ती एका शिंप्याची बायको होती आणि तिचे पूर्वज फ्रान्समधून आलेले ह्युगेनॉट होते. म्हणजे शिकलेल्या माणसांनी, सांगणारीला स्वतःला हवी तशी रंगवली! माझ्या आजीला अक्षरओळख नाही, पण कहाण्या तिला असंख्य येतात. उद्या कोणी त्या लिहून घेतल्या, तर आजी त्यात कोणत्या रूपाने उरेल? जर्मन लोककथेचा अभ्यास करताना हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. परक्यांच्या भाषेत मी काय शोधणार, याचे माझे उत्तर हेच आहे.

ही वाट आधी उलट दिशेने चालली गेली आहे. हायडेलबर्गचे अभ्यासक गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) महाराष्ट्रात धनगरांमध्ये वावरले, त्यांच्या ओव्या ऐकल्या आणि १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवर जर्मन भाषेत ग्रंथ प्रसिद्ध केला. एक जर्मन मनुष्य आपल्या मेंढपाळांपर्यंत येऊ शकतो, तर आपल्यापैकी कोणी त्यांच्या शिंपिणीपर्यंत का जाऊ नये?

मराठी माणसाला या भाषेत काही ओळखीच्या खुणाही सापडतात. आपल्याप्रमाणे तिथेही तीन लिंगे आहेत. 'मेडशेन' म्हणजे मुलगी, पण शब्द नपुंसकलिंगी, आपल्या 'पोरगं'सारखाच. मात्र एकोणिसाव्या शतकातील हस्तलिखिते वाचण्यासाठी 'कुरेंट' हे जुने वळण शिकावे लागते. आपल्या दप्तरांसाठी मोडी शिकतात, तसेच हे.

आता व्यवहाराचे. एम.ए. जर्मनची सोय पुणे व मुंबई विद्यापीठांत, तसेच दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आहे. जर्मनीत पीएच.डी. करावयाची तर आधी संशोधनाचा आराखडा लिहून मार्गदर्शक प्राध्यापक शोधावे लागतात. त्यांना तिकडे 'डॉक्टोरफाटर', म्हणजे डॉक्टरेटचे वडील, आणि बाई असतील तर 'डॉक्टोरमुटर' म्हणतात. प्रबंध लिहून झाला, तोंडी परीक्षा झाली, तरी काम संपत नाही. प्रबंध प्रसिद्ध करावा लागतो. जगापुढे न आलेले ज्ञान तिथे पुरे मानत नाहीत. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. परंतु राहण्याजेवणाचा खर्च असतोच. त्यासाठी १९२५ साली स्थापन झालेल्या 'डाड' या संस्थेच्या शिष्यवृत्त्या आहेत. त्या स्पर्धेतून मिळतात.

राहिला घरचा प्रश्न. नुसती भाषा चांगली आली, तरी भाषांतराचे किंवा शिकवण्याचे काम मिळू शकते. संशोधनाचा रस्ता लांबचा आहे, आणि हमाली करून मला शिकवणाऱ्या वडिलांना मी लवकर कमावती होईन असे खोटे सांगणार नाही. एम.ए. करता करता शिकवण्या घ्यायच्या आणि मग पुढचे पाऊल टाकायचे, असे मी ठरवले आहे.

विद्यार्थिमित्रहो, ज्ञानाचा प्रदेश कोणाच्या मालकीचा नसतो. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट नव्हते, त्यांच्याजवळही विचारण्याजोगे प्रश्न असतात. कदाचित ते प्रश्न इतरांना सुचलेही नसतील.