ग्रीलमधली भाजी : आधी माती, मग बी

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या सोसायट्यांत अंगण कुणालाच नाही. पण खिडकीला ग्रील आहे आणि भाजीची देठं-सालं रोज निघतात. घरची भाजी पिकवायला एवढं भांडवल पुरतं. वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाजी घेऊन दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. दोघांच्या कामातून एकच गोष्ट शिकायची : माती विकत आणून वर चढवण्यापेक्षा घरातच तयार करावी.

साहित्य

तळाला भोकं असलेले दोन टब (साधारण 20 लिटरचे), एक पसरट ट्रे, रसवंतीवरची चिपाडं, ओला कचरा, थोडी लाल माती, कोकोपीट, ओंजळभर जुनं खत, मेथीदाणे, मिरचीची रोपं.

कृती

1. ऊन बघा. सुट्टीच्या दिवशी सकाळी 8, दुपारी 12 आणि 4 वाजता खिडकीत ऊन कुठवर येतं ते पाहा. चार तास ऊन असेल तर पालेभाजी होते. मिरची-टोमॅटोला सहा तास लागतात. उत्तरेच्या खिडकीकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंतच भर दुपारचा सूर्य कलतो. तिथे पुदिना, अळू लावा, फळभाजीचा हट्ट धरू नका.

2. वजनाचा हिशोब करा. 20 लिटरच्या टबात नुसती माती भरून पाणी घातलं की तो 30 किलोच्या वर जातो. असे टब ग्रीलवर ठेवू नयेत. ग्रीलमध्ये ट्रे आणि लहान कुंड्याच ठेवा. गच्ची वापरायची असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या. टब कठड्यालगत, विटांवर ठेवा. खालून पाणी वाहून गेलं की वॉटरप्रूफिंग सांभाळलं जातं.

3. चिपाडं तयार करा. चिपाडं पाण्यातून काढून गोडवा घालवा, नाहीतर मुंग्या लागतात. दोन दिवस वाळवून बोटाएवढे तुकडे करा.

4. खत लावा. टबाच्या तळाशी चार बोटं चिपाडं, त्यावर बारीक चिरलेला कचरा, वर मूठभर जुनं खत विरजण म्हणून. असेच थर चढवा. शिजलेलं, तेलकट, मासळीचं काही घालू नका. वर पोतं झाका आणि चार-पाच दिवसांनी खालीवर करा. आंबूस वास आला तर ओल जास्त झाली आहे. कोरडी चिपाडं मिसळा.

5. खत ओळखा. दीड-दोन महिन्यांत मिश्रण काळं, भुसभुशीत होतं. मूठ आवळून पाहा : गोळा व्हावा, बोटांतून फार तर एखादा थेंब यावा, आणि बोटाने टोचताच गोळा फुटावा. तुकडे ओळखू येत असतील तर थांबा. कच्चं चिपाड कुजताना नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात.

6. मिश्रण भरा. दोन भाग खत, एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट. काठापासून दोन बोटं जागा सोडा.

7. मेथीने सुरुवात करा. मेथीदाणे रात्रभर भिजवा, ट्रेमध्ये दाट पसरून वर पातळ माती भुरभुरवा. दोन-तीन दिवसांत मातीचा पापुद्रा वर उचलला जातो आणि खालून वाकडे, पांढरे कोंब डोकावतात. दहा-बारा दिवसांत मुळासकट उपटलीत तर ती बाजारातल्या समुद्रमेथीसारखी कोवळी निघते; मोठी जुडी हवी तर महिनाभर थांबा.

8. मग मिरची लावा. चार-पाच पानांची रोपं संध्याकाळी लावा, दोन दिवस सावलीत ठेवा. वरच्या मजल्यावर मधमाश्या कमी येतात. फुलं आली की सकाळी फांदी हलकेच टिचकीने हलवा. साधारण दोन-अडीच महिन्यांत मिरच्या तोडायला येतात.

9. पाणी बेताने घाला. बोटाचं पेर मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी द्या, शक्यतो सकाळी. खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर थेंब पडू नयेत म्हणून बशी ठेवा, पण ती रोज रिकामी करा आणि आठवड्यातून एकदा घासून पुसा. डेंगीचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

10. किडीकडे लक्ष ठेवा. पानं उलटून पाहा. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला की लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी घोळून ऊन उतरल्यावर फवारा.

हंगाम

उपनगरांत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या माऱ्यात मेथी-कोथिंबीर कुजते. तेव्हा भेंडी, शिराळी, मायाळू लावा. पाऊस ओसरला की दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत पालेभाज्या, टोमॅटो, मिरची यांचे दिवस.

माती तयार व्हायला दोन महिने लागतात, म्हणून दसऱ्याला पेरायचं असेल तर श्रावणातच टब भरायला घ्या. बियांची पाकिटं नंतर आणा. या रविवारी रसवंतीवरून पिशवीभर चिपाडं घरी घेऊन या.