लस टोचल्यावर मांजर मलूल पडलं तर...



मागच्या काही बैठकांमध्ये शेळीच्या कर्जाचा विषय चालू असताना मध्येच मांजराची गोष्ट निघाली. कुणीतरी मांजराला लस टोचून आणली, त्याने दिवसभर तोंडाला काही लावलं नाही आणि ते पलंगाखाली जाऊन बसलं. झालं! लसीने मांजर मरतं अशी बातमी अख्ख्या चाळीत पसरली आणि त्या लायनीतल्या बाकी कुणी आपलं मांजर नेलंच नाही. मी समाजकार्य शिकलेली मुलगी, डॉक्टर नाही. पण हा गैरसमज असाच राहिला तर उद्या शेळीच्या लसीलाही दारं बंद होतील, म्हणून हा धडा.

आपल्या बाळाला दीड महिन्याची पेंटाची सुई दिली की रात्री ताप येतो, मांडी दुखते, बाळ किरकिर करतं. आशाताई आधीच सांगून ठेवतात म्हणून आपण घाबरत नाही. मांजराचंही तसंच आहे. लस म्हणजे रोगाची ओळख करून देणं. ती ओळख होताना शरीर थोडं तापतं. मांजर एक-दोन दिवस झोपून राहतं, कमी खातं, टोचलेल्या जागी हात लावला तर गुरगुरतं. अशा वेळी पाणी जवळ ठेवा, पोरांना उचलाउचली करू देऊ नका आणि त्याला निवांत पडू द्या. दोन दिवसांत सुधारलं नाही, तर मात्र डॉक्टरांना विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाळाला तापासाठी जे पॅरासिटामॉल देतो, ते मांजराला कधीही देऊ नका. अर्धी गोळी नाही, पाव नाही, थेंबसुद्धा नाही. मांजराच्या शरीराला ते औषध पचवता येत नाही, त्याचं रक्त बिघडतं आणि एका गोळीतही जीव जाऊ शकतो. म्हणजे लसीने न मेलेलं मांजर आपल्या मायेने मरायचं आणि नाव लसीचं व्हायचं. आपल्या अंगदुखीच्या, तापाच्या दुसऱ्या गोळ्याही मनाने देऊ नका.

धावपळ करायची वेळ कोणती, तेही ओळखता आलं पाहिजे. तोंड किंवा डोळ्यांभोवती सूज, एकसारखं तोंड खाजवणं, पुन्हा पुन्हा उलटी, जुलाब, तोंड उघडून धापा टाकणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, तोल जाऊन कोसळणं. यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय नको, ताबडतोब दवाखाना. ही तीव्र ॲलर्जी असते. ती बहुतेक वेळा टोचल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत दिसते. म्हणून सुई झाली की लगेच रिक्षात बसू नका, अर्धा तास दवाखान्याच्या बाकावरच थांबा. आणि सेकंड शिफ्टला जायच्या आधी घाईघाईत लस उरकू नका. तुम्ही कंपनीत, पोरं शाळेत, मग मांजराकडे बघणार कोण? सुट्टीच्या दिवशी सकाळी न्या. पिशवीत कोंबून नेण्यापेक्षा भाजीच्या कॅरेटवर दुसरं कॅरेट उपडं घालून दोरीने बांधा, हवा खेळती राहते.

असं किती मांजरांना होतं? अमेरिकेत २००२ ते २००५ या काळातल्या जवळजवळ पाच लाख मांजरांच्या नोंदी तपासल्या होत्या. दर दहा हजार मांजरांमागे साधारण ५२ जणांना लसीनंतर काही ना काही त्रास झाल्याची नोंद होती. त्यातही सर्वात जास्त नोंद होती ती नुसत्या मलूलपणाची. एकाच वेळी जास्त लसी दिल्या तर त्रासाची शक्यता वाढते, असंही त्यात दिसलं. तेव्हा रेबीजची आणि तिरंगी लस एकाच दिवशी घ्यायची की अंतर ठेवून, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

टोचलेल्या जागी छोटी गाठ राहू शकते, बहुतेक वेळा ती आपोआप जिरते. पण तीन महिन्यांनंतरही गाठ असेल, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली असेल किंवा महिना उलटूनही वाढतच असेल, तर दाखवलीच पाहिजे. फार क्वचित त्या जागी कॅन्सरची गाठ होते.

मग "लस दिली आणि आठ दिवसांत मेलं" असं का होतं? लसीचा परिणाम व्हायला वेळ लागतो. मांजराच्या अंगात उलटी-जुलाबाचा जीवघेणा आजार आधीच शिरलेला असेल, तर आज दिलेली लस त्याला उद्या थांबवू शकत नाही. २०२२ च्या लम्पीच्या साथीत आपण हेच पाहिलं. त्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात साथ सुरू झाली आणि राज्यात एक कोटीहून जास्त गायी-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस मोफत टोचली गेली. ज्या जनावरात रोग आधीच मुरलेला होता, त्याला लसीनंतर गाठी आल्या की लोक म्हणायचे, लसीनेच लम्पी आणला.

शेळी-गायीलाही लसीनंतर थोडा ताप, टोचल्या जागी सूज येते. लाळ्या-खुरकूतची लस दिल्यावर काही दिवस दूध थोडं कमी होऊ शकतं. डेअरीच्या हिशोबात ते दिसतं आणि घरातले कुरकुर करतात, हे मला माहीत आहे. पण लाळ्या-खुरकूत झाल्यावर दूध किती जातं, तेही सासूबाईंना विचारून बघा. गाभण जनावर असेल तर सुईच्या आधी सांगा, आजारी असेल तरी सांगा. प्रत्येक जनावराला वेगळी सुई मागा, एकच सुई कळपभर फिरली की गळवं होतात आणि दोष लसीवर जातो. जाता जाता, शेळ्यांच्या कितीतरी लसी आपल्या पुण्यातच, औंधच्या सरकारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होतात. त्रास झाला तर पशुसखीला कळवा किंवा १९६२ या मोफत क्रमांकावर फोन करा.

एकदा तीव्र त्रास झालेल्या मांजराचं काय? पुढची लस डॉक्टरांना ती हकीकत सांगितल्याशिवाय द्यायची नाही, पण परस्पर बंदही करायची नाही. मांजर उंदरामागे शेजारच्या वाड्यात, भंगाराच्या गोदामात जातं, तिथे पिसाळलेलं कुत्रं चावलं तर ते रेबीज घरात आणतं. माणसाला रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर वाचवणारं औषध जवळजवळ नाहीच. मांजर चावलं किंवा नखाने ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. चाकणचं ग्रामीण रुग्णालय असो की पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय, त्याच दिवशी जा आणि सांगितलेली प्रत्येक सुई तारखेला घ्या.

एक काम मात्र आजच करा. बचतीच्या वहीच्या शेवटच्या पानावर जनावराचं नाव, लसीचं नाव, तारीख, कुठे टोचली आणि नंतर काय झालं, एवढं लिहून ठेवा. बाटलीवरचा बॅच नंबरही उतरवून घ्या. लिहिता येत नसेल तर गटाच्या सचिवताईंकडून लिहून घ्या. पुढच्या वेळी डॉक्टर विचारतील तेव्हा हेच पान पुढे करायचं.